केळफुलाचा खंड्या

मी खोटं बोलते हे सगळ्या बहादरपुरले माहीत आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, यातलं घारीचं तेवढं सोडा, बाकी सगळं खरं आहे.

आमच्या केळीच्या बागेखाली नाला आहे. नाल्याच्या डोहावर एक वाकडं जांभळाचं झाड होतं, अन् त्याच्यावर मोठा खंड्या बसायचा. तारेवर बसतो तो चिमुकला नाही. हा कबुतराएवढा. डोकं चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, पोट हळद घातलेल्या ताकासारखं, पंख निळे, अन् चोच? कोणी लाल रंगाची सांडशी तोंडाले बांधून दिली असं वाटे. अंगावर एवढे रंग, तरी पानात असा गुपचूप बसे की समोर दोन घंटे बसा, दिसणार नाही. मग एकदम छपाक! मासा वर. तो मासा फांदीवर या बाजूनं आपट, त्या बाजूनं आपट, जशी आमची पूर्णिमा गोधडी आपटते. पूर्णिमा माझी सून. तिच्यासमोर मी हे बोलत नाही.

मी अन् मालूबाई दुपारी तिथंच बसायचो. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण माझी. खंड्या एकटा अन् आम्ही दोघी. त्याचा स्वभाव लय वाईट. डोहावर दुसरं पाखरू आलं की के-के-के-के करत अंगावर जायचा, मग कावळा असो की बगळा. एकदा घारीले त्यानं असं हाणलं, असं हाणलं, की ती तीन दिवस निंबोला गावच्या विजेच्या डीपीवर बसून रडत होती.

"रंभे, घार कधी रडते का व?" मालू म्हणायची.

"तू निंबोल्याले गेली होती का पाहायले?"

"नाही."

"मग?"

मग एका पुरात जांभूळ गेलं. बसायले फांदी नाही, तर खंड्याही गेला. त्याच वर्षी मालूच्या पोरानं, धर्मेंद्रनं, तिले नेपानगरले नेलं. तो कागद कारखान्यात आहे, क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. जाताना मालू म्हणाली, "तो परत आला की फोन कर, मी येईन. नुसतं तुझं तोंड पाहायले दोन जिने कोण उतरते?"

मी माझ्या पोराच्या, जीवनच्या, मागं लागले. केळीच्या घडाले टेकू देतात तो लांब बांबू त्याच्याकडून डोहावर तिरपा रोवून घेतला. दोन हिवाळे रोज दुपारी जाऊन पाहिलं. बांबूवर कोणी नाही. माझ्या बाजूलेही कोणी नाही. घरात सगळे चांगले आहेत हो, पण ज्याले त्याले कामं. घारीचं सांगायले गेले की जीवन म्हणतो, "हां माँ, बाद में."

मग मी काय केलं, एक लालभडक केळफूल तोडलं, बांबूच्या टोकाले बांधलं, खाली निळी चिंधी गुंडाळली, अन् मालूले फोन केला. "आला व माय! ये लवकर."

मालूच्या डोळ्यात मोतीबिंदू. धर्मेंद्रचा हात धरून आली, पॅसेंजरनं. डोहावर बसली अन् पाहतच राहिली.

"किती दुबळा झाला व," म्हणाली.

"तुझ्या आठवणीत," मी म्हटलं.

अर्धा घंटा त्याच्याशी बोलली ती. गुडघ्याचं सांगितलं, कॉलनीतल्या नळाचं सांगितलं. मी हसू दाबून बसले होते. तेवढ्यात काव काव करत एक मेला कावळा आला, अन् केळफुलाच्या बाजूले आरामात बसला.

मालूनं कावळ्याकडं कान दिला. मग म्हणाली, "रंभे, खरा असता तर कावळ्याचं पीसही जागेवर राहिलं नसतं."

उठली, धर्मेंद्रचा हात धरला अन् गेली. मी "मालू, मालू" करत रस्त्यापर्यंत गेले. तिनं मागं पाहिलं नाही.

महिनाभर फोन उचलला नाही. मग उचलायले लागली, पण खंड्याचं नाव काढलं की म्हणे, "केळफूल कसं आहे?"

अन् या पौषात, दुपारी, मी डोहावर गेले तर बांबूवर तो बसलेला. खरा! मी खाली बसले अन् तसाच फोन लावला.

"मालू, तो आला."

"हो का? कोणत्या घडाचा आहे?"

"तुझी शपथ."

"माझी कायले खाते? मले अजून जगायचं आहे."

"थांब, ऐक." मी फोन त्याच्याकडे धरला. ओरड रे बाबा, एकदा ओरड. पण तो खंड्याच. हलला नाही, बोलला नाही. मी हात वर करून बसले, हात दुखला. फोन परत कानाले लावला. ठेवला नव्हता तिनं.

"मालू?"

"ऐकू राहिली मी." मग हळूच म्हणाली, "रंभे, खोटंच आहे ना? खोटंच राहू दे व. डॉक्टरनं मले आता जिना बंद केला आहे. तो खरंच बसला असेल, अन् मी इथं पलंगावर... मले नाही सहन होणार."

तेवढ्यात छपाक!

"काय वाजलं व ते?" मालूचा आवाज एकदम बदलला.

खंड्या पाण्यातून वर आला. लाल चोचीत मासा, चांगला वीतभर.

"दगड टाकला मी," मी म्हटलं.

मालू हसली. लय दिवसांनी अशी हसली. "मले माहीतच होतं! म्हातारी झाली तरी सुधारली नाही." अन् हसत हसतच फोन ठेवला.

खंड्यानं मासा बांबूवर आपटला, गिळला, अन् पुन्हा दगडासारखा बसला. मालूच्या जागेवर मी जागा धरायले माझी चप्पल काढून ठेवली.

थोड्या वेळानं कावळा आला. बांबूवर उतरायले गेला, तर खंड्या के-के-के-के करत असा सुटला त्याच्यावर, सारा नाला दणाणला. कावळा केळीत पळाला.

फोन माझ्या हातातच होता. मी लावला नाही.