दिगूची फळी

बजरंगने ओल्या पॉलिशपेपरने फळीच्या पोटावरचा निळा रंग घासत आणला आणि मध्येच हात थांबवला.

"बाई, चष्मा लावा. हितं बघा."

सरोजिनीबाई वाकल्या. रंगाखाली काचेसारखा थर होता आणि त्याच्याही खाली, मधल्या लाकडी पट्टीला लागून, पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं. एक इंग्रजी नाव, लांबी-रुंदीचे आकडे, सिडनी, १९६९.

"घडवणारा आधी सही करतो, मग वरून फायबर चढवतो. मागनं कुनाला घुसडता येत न्हाई," बजरंग म्हणाला. "अस्सल हाय."

कात्रजच्या या शेडमध्ये बजरंग एरवी पाण्याच्या टाक्या आणि बागांतल्या घसरगुंड्या बनवायचा. पण तरुणपणी दहा वर्षं त्याने गोव्यात होड्या आणि लाटांवर उभं राहून चालवायच्या फळ्या, म्हणजे सर्फबोर्ड, दुरुस्त केले होते. पुण्यात समुद्र नाही, पण समुद्राचा जाणकार निघाला. पुण्यात कशाचाही जाणकार निघतो.

बाईंनी सुस्कारा सोडला. म्हणजे एवढं तरी खरं होतं. त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर इंजिनिअरिंग अर्धवट सोडून गोव्याला निघून गेला, त्याला तीस वर्षं झाली. तिथून त्याचं एकच पत्र आलं. एका ऑस्ट्रेलियन मित्राने परत जाताना आपली फळी मला दिली, मी तिच्यावर भर समुद्रात उभा राहतो, ताई, एकदा येऊन बघ. दिगू लहानपणापासून थापाड्या. पर्वतीवर वाघ पाहिल्याचं त्याने अख्ख्या वर्गाच्या गळी उतरवलं होतं. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, पत्र वाचून घडी घातली आणि उत्तर सांगितलं, "समुद्रावर मागाहून. आधी स्वतःच्या पायावर उभा राहा."

अण्णांचा हात कापायचा, म्हणून ते वाक्य बाईंनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं. लिहिताना त्यांना हसूही आलं होतं. दिगूने पुन्हा पत्र पाठवलं नाही. अण्णा गेले तेव्हा तो जुन्या पत्त्यावर राहत नव्हता आणि कळवायला नवा पत्ता नव्हता. मग गेल्या महिन्यात त्याच्या घरमालकिणीचं कार्ड आलं, दिगंबर वारले म्हणून, आणि पाठोपाठ टेम्पोतून ही फळी.

"फळी खरी, हे झालं," बाई म्हणाल्या. "पण तो खरंच उभा राहायचा का? तेवढं कळेल?"

"न कळायला काय झालं? कैक जण नुसती भिताडाला लावून मिरवत्यात. पन वरच्या अंगाला मेन घासत्यात, पाय घसरू नये म्हनून. जो खरा उभा ऱ्हातो त्याचे पाय वर्षानुवर्षं त्या मेनात रुतत्यात. टाच, अंगठा, समदं दिसतं. धरा, उलटी करू."

दोघांनी मिळून फळी उलटवली. वरची बाजू देव्हाऱ्यातल्या ताम्हनासारखी लख्ख होती.

बजरंग बघतच राहिला. "मेन कुठं गेलं?"

"ते मेण होतं?" बाई म्हणाल्या. "मळकं, चिकट काहीतरी होतं हो. वाळू काय, केस काय. परक्या माणसाला दाखवायची वस्तू तशीच कशी आणायची? दोन दिवस कढत पाणी, सोडा आणि उलथनं घेऊन बसले होते मी."

बजरंगने हात पुसले आणि उगाच फळीवरून तळवा फिरवला. मध्याच्या थोडा मागे तळवा थांबला.

"हितं एवढे ओरखडे? बाकी कुठं न्हाईत."

"तिथलं निघतच नव्हतं. दगडासारखं घट्ट बसलं होतं. तिथे आणि त्या तिथे, मागे."

दाखवायला उचललेलं बोट तसंच राहिलं. दोन ठिकाणं, मध्ये दीड पावलाचं अंतर. आता त्यांना आठवलं. तिथे खळगे होते. पुढच्या खळग्यात अंगठा इतर बोटांपासून फटकून होता. अण्णांचा तसाच होता. त्यांचा स्वतःचाही तसाच आहे. सगळ्यात जास्त मळ इथेच साचलाय असं समजून त्यांनी पदर खोचून जोर लावला होता.

सदाशिव पेठेतली माणसं परक्यासमोर रडत नाहीत. बाई रडल्या, अगदी हुंदके देऊन. तीस वर्षांत त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि त्याने ठेवलेला पुरावा स्वतःच्या हाताने खरवडून मोरीत सोडला.

बजरंगने पाण्याचा तांब्या पुढे केला. "हे ओरखडे पॉलिशमधे जातील, बाई. नव्यावानी करून देतो."

बाईंनी डोळे पुसले. शेडच्या दारात वाळूचा ढीग होता. त्यावर त्यांनी फळी ठेवायला लावली, चपला काढल्या आणि पुढच्या ओरखड्यांवर एक पाऊल, मागच्यांवर दुसरं, अशा उभ्या राहिल्या. वाळू सरकली, फळी डगमगली. बजरंग आधाराला पुढे धावला.

"धरू नका," बाई म्हणाल्या. "आणि हे ओरखडेही घासू नका."