सरकवून बघायचं राहून गेलं

नवा लॅपटॉप घेऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्यात भूत निघालं. भूत म्हणजे खरंखुरं नव्हे हो, तसलं असतं तर निदान चार लोकांना बोलावून दाखवता तरी आलं असतं. हे फक्त डॉक्टरांना दिसायचं, तेही करड्या रंगावर. तासन्‌तास एकच खिडकी उघडी ठेवली आणि मग बंद केली, की तिच्या कडा, तिची बटणं, कोपऱ्यातला गोल शिक्का, सगळं पुसट होऊन मागं राहायचं. पाहुणे उठून गेले तरी गादीवर बसल्याची खूण राहते ना, तसं. पाच-दहा मिनिटांनी विरायचं आणि मग दुसऱ्या कशाचं तरी उमटायचं.

दुसऱ्या कुणाचं यात काडीचंही बिघडलं नसतं. पत्रं लिहिणाऱ्याला, सिनेमे बघणाऱ्याला असलं काही जाणवतसुद्धा नाही. पण डॉक्टरांचं पोट करड्या रंगावरच चालायचं. ते एक्स-रे वाचायचे. सकाळी इस्पितळातल्या मोठ्या स्क्रीनवर आणि दुपारी घरी, मागच्या खोलीत पडदे ओढून, लॅपटॉपवर. निरनिराळ्या तपासणी केंद्रांतून फिल्म यायच्या, हे बघायचे, चार ओळींचा रिपोर्ट लिहायचे, पुढची उघडायचे. दिवसाढवळ्या असं अंधारात बसायच्या सवयीपायी त्यांच्या ताईनं त्यांचं नाव घुबड ठेवलं होतं, आणि पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला ती भर इस्पितळात त्याच नावानं हाक मारायची.

सुरुवातीला त्यांनी रीतसर तक्रार केली. रीतसर म्हणजे काय, तर हाडातली केसाएवढी चीर ओळखणाऱ्या या विद्वानानं कंपनीला स्क्रीनशॉट पाठवला. अहो, डाग काचेवर आणि चित्र पाठवलं आतलं! कंपनीचा माणूस गोड आवाजात म्हणाला, की सर, आमच्याकडे तर अगदी नितळ दिसतंय. डॉक्टरांनी तोच स्क्रीनशॉट आपल्याच लॅपटॉपवर उघडला, तर त्यात भूत हजर, म्हणून त्या बिचाऱ्याशी अर्धा तास हुज्जत घातली. बायको शाळेत शिकवायची. ती शेजारी वह्या तपासत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, की तुझ्या चष्म्यावर डाग पडला तर तो फोनवरच्या माणसाला दिसणार आहे का. डॉक्टर वरमले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग सर्व्हिस सेंटर झालं. तिथल्या बाईंनी तासभर लॅपटॉप चालू ठेवून बघितला, पांढरा केला, काळा केला, आणि असं थोडंफार होतंच, तात्पुरतं असतं, अधूनमधून हलतं चित्र लावत जा, उजेड कमी ठेवा, असं सांगून परत दिला. बायको म्हणाली, बदलून घे, अजून मुदत आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं पुन्हा नव्या मशीनवर चढवायचं, पासवर्ड, केंद्रांच्या जोडण्या, कोण बसणार? डोळ्यांवर जगणारा माणूस, पण डोळ्यांसमोरचं दुखणं त्यानं अंगावर काढलं. मुदत टळून गेली.

आणि खरं सांगायचं तर त्यांनी त्यावर तोडगाही काढला होता. सोपा होता. शंका आली की फिल्म माऊसनं धरून जरा बाजूला सरकवायची. भूत काचेवरचं, ते जागचं हलत नाही. आजार फिल्ममधला, तो फिल्मबरोबर सरकतो. झालं. दिवसातून वीसदा ते असं सरकवून बघायचे, आणि इस्पितळातल्या शिकाऊ डॉक्टरांना हे मोठ्या अभिमानानं सांगायचे. शिकाऊ डॉक्टर मान डोलवायचे आणि चहाला निघून जायचे.

ताई शाळेची बस चालवायची. डॉक्टरांहून सहा वर्षांनी मोठी, आवाज हॉर्नसारखा, आणि सबंध बसमधली कार्टी तिच्या एका खाकरण्यानं गप्प व्हायची. दरवर्षी गाडी चालवायला लायक असल्याचा दाखला लागायचा, त्यात छातीचा एक्स-रे आला. तो ज्या केंद्रात काढला तिथल्या फिल्म डॉक्टरांकडेच यायच्या. त्या शुक्रवारी दुपारी तिची फिल्म यादीत आली आणि पाठोपाठ तिचा फोन.

"घुबडा, बघितलास का माझा फोटो? सोमवारी गाडी काढायचीय. लवकर दाखला पाठव."

डॉक्टरांनी फोन उजव्या हातात धरला आणि डाव्या हातानं कळ दाबून फिल्म उघडली. त्या दिवशी इस्पितळात जायचं नव्हतं, सकाळपासून घरीच रिपोर्ट लिहायची तीच ती खिडकी उघडी होती, तेव्हा भुतं नेहमीच्या जागी बसलेलीच होती. वर उजवीकडे गोल शिक्क्याचा पुसट ठिपका. दिवसभर त्या ठिपक्यानं डोक्याला ताप दिला होता. आता तो ताईच्या डाव्या, म्हणजे फिल्मवर उजवीकडे दिसणाऱ्या, फुफ्फुसाच्या वरच्या भागावर आला होता, बरगडीच्या आडून डोकावणारा, वाटाण्याएवढा.

ताई विचारत होती, काळीज केवढं दिसतंय, तुझे भावोजी म्हणतात की मला ते नाहीच. डॉक्टर हसले. माऊस उजवीकडे होता आणि उजव्या हातात फोन होता. एवढंच. याहून मोठं कारण शोधायला डॉक्टरांनी पुढं कितीतरी रात्री घालवल्या, पण कारण एवढंच होतं. फोन कानाला लावलेलाच होता, ताई बडबडत होती, हसू येत होतं, आणि तो ठिपका कुठला हे त्यांना ठाऊक होतं.

"आहे, काळीज आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं स्वच्छ आहे. काढ सोमवारी गाडी."

आठ महिन्यांनी ताईला खोकला लागला. ती म्हणाली, पोरांवर ओरडून ओरडून घसा बसलाय. भावोजी म्हणाले, डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, आत्ता तर घुबडानं छाती बघितलीय. असे दोन महिने गेले. मग एक दिवस रुमालावर रक्त आलं.

नवी फिल्म इस्पितळात निघाली. तिच्यावर काही सरकवून बघायची गरज नव्हती. लिंबाएवढी गाठ होती, आणि पुढच्या तपासण्यांत ती यकृतात आणि मणक्यातही पोचलेली निघाली. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीचा रिपोर्ट वाचला, खाली डॉक्टरांची सही बघितली, आणि म्हणाल्या, दहा महिन्यांत एवढी मजल म्हणजे फारच झपाट्यानं वाढणारी जात दिसते. डॉक्टरांनी मान हलवली. खरं म्हणजे त्यांनीही तेव्हा तसंच धरलं होतं.

पण डोक्यात भुंगा लागला. दोन दिवसांनी इस्पितळात कुणी नाही असं बघून त्यांनी ताईची जुनी फिल्म मोठ्या स्क्रीनवर उघडली. वाटाणा तिथंच होता. इथं काचेवर काही उमटत नव्हतं, तरी त्यांनी माऊस धरला आणि फिल्म डावीकडे सरकवली. वाटाणा डावीकडे सरकला. उजवीकडे नेली, उजवीकडे गेला. वर नेली, वर गेला. पायाखालची जमीन गेल्यावर माणूस खुर्ची धरतो तसा त्यांनी माऊस धरून ठेवला होता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली, मग तिसऱ्या. सगळीकडे तो फिल्मबरोबर फिरत होता, इमानदारीनं, जणू दहा महिने कुणीतरी हात लावायची वाट बघत बसला होता.

आता त्यांची अवस्था काय सांगावी. दुसऱ्यांच्या फिल्म बघताना प्रत्येक सावली तीन-तीनदा सरकवायचे, स्वच्छ असं लिहायला बोट धजायचं नाही. लॅपटॉप त्यांनी कपाटात टाकला, पण दोष काय लॅपटॉपचा होता? त्यात भूत आहे हे जगात सर्वांत आधी कुणाला कळलं होतं? ते ओळखायची युक्ती कुणी काढली होती? अनोळखी हजार माणसांसाठी जो हात हलला तो सख्ख्या बहिणीसाठी हलला नाही, कारण ती आपली होती आणि आपल्या माणसाला काही होत नसतं. त्यांना स्वतःची शिसारी यायची. सही केलेला हात धुवावासा वाटायचा.

त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ताईंना सांगायला हवं. डॉक्टरांनाही तेच वाटत होतं. खरेपणा म्हणून काही चीज आहे, तिचा तो हक्क आहे, असं ते स्वतःला बजावत होते. फक्त पाय उचलत नव्हता. कारण ताईच्या घरी त्या खोट्या रिपोर्टवरच सगळं तगून होतं. भावोजी कुलपं दुरुस्त करायचे, शब्दाला महाग माणूस. खोकला लागला तेव्हाच हिला ओढून न्यायला हवं होतं, असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून रडायचे. ताई त्यांना दरवेळी एकच ऐकवायची. घुबडानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तेव्हा काही नव्हतं, मग एवढ्यात आलं ते कुणाच्या बापाला रोखता आलं असतं का? तुमचं काही चुकलं नाही, माझंही नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची आणि सांगता सांगता तिचा चेहरा शांत व्हायचा. डॉक्टर तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

दोन महिने झाले तरी औषधं लागू पडेनात. बसच्या सीटवरून पोरांना धाक घालणारी बाई उशीला टेकून बसताना धापा टाकायला लागली. आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही, हे डॉक्टरांना दिसत होतं. एका दुपारी भावोजी औषधं आणायला गेले तेव्हा ते तिच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप, ठिपका, उजव्या हातातला फोन. काही गाळलं नाही. सांगताना रडले, नाक पुसलं, पुन्हा सांगितलं.

ताई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तेव्हा कळलं असतं तर?"

आयुष्यभर डॉक्टरांनी रिपोर्टांत लिहिलं होतं, शक्यता आहे, नाकारता येत नाही, पुढील तपासणी करावी. त्यातला एकही शब्द आता तोंडात येईना.

"छोटं होतं, ताई. कापून काढलं असतं. बहुतेक वाचली असतीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होईना. ताई त्या आवाजाकडे कान देऊन होती. डॉक्टर वाट बघत होते. ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं डोक्यावरून हात फिरवावा अशीही एक चोरटी आशा होती, ते कशाला नाकारा.

"तुला बरं वाटलं असेल," ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन महिने कोंडलेलं होतं, मोकळा झालास. मी आता हे कुठं ठेवू? मला वाटत होतं, आलं ते आलं, जायचं तर जाऊ. आता रोज पडल्या पडल्या मला दिसणार, की मी वाचले असते. किती दिवस उरलेत माझे? ते असे काढू होय रे?"

डॉक्टरांनी तिचा हात धरायला हात पुढं केला. तिनं आपला हात पांघरुणात घेतला. रागानं नाही, थंडी वाजल्यावर घेतात तसा. त्यांच्या ध्यानात आलं की खरेपणा, हक्क, सगळी आपणच आपल्याला घातलेली समजूत होती. बहिणीचं आयुष्य एकदा हातून गेलं होतं, आणि राहिलेली थोडीशी शांतता आपण आज मुद्दाम येऊन, स्टूल ओढून बसून काढून घेतली. आणि ही चूक तर कुठल्याही मशीनच्या माथी मारता येणार नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. ताईनं पदरानं तोंड पुसलं, उशीवर जरा वर सरकली, आणि दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "ह्यांना यातलं कळता कामा नये. समजलं?"

भावोजी पिशवी घेऊन आत आले. दोघांकडे बघून दारातच थबकले. डॉक्टरांचे डोळे लाल होते, ते लपण्यासारखे नव्हते. काय झालं, त्यांनी विचारलं.

"काही नाही. माझ्यासाठी रडतंय वेडं," ताई म्हणाली. मग डॉक्टरांकडे न बघता पुढं म्हणाली, "ह्यांना अजून वाटतं, उशीर आपल्यामुळं झाला. रात्र रात्र झोपत नाहीत. तू डॉक्टर आहेस, तूच एकदा नीट सांग. मी म्हटलेलं त्यांना पटत नाही."

भावोजी पिशवी हातातच धरून उभे राहिले. डॉक्टर स्टुलावरून उठले. ताई आता त्यांच्याकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

"मी स्वतः बघितली होती ती फिल्म, भावोजी," ते म्हणाले. "तेव्हा काही नव्हतं."

भावोजींनी मोठा श्वास सोडला आणि पिशवीतली औषधं काढून एकेक टेबलावर मांडायला घेतली.