मिरेलची बॅटरी

विनिपेगच्या हिवाळ्यात मिरेलने आपली विजेची स्कूटर दोन वर्षं एकही खाडा न करता पळवली होती. फिट येण्याचा आजार असल्यामुळे मोटारीचा परवाना मिळत नव्हता, या स्कूटरला तो लागत नसे, आणि रुग्णालयाच्या धुलाईघरात पहाटे साडेपाचला हजर राहावं लागे. तेव्हा बसही नसे. म्हणून बर्फावर घसरू नये यासाठी चाकांना खिळे, सांध्यांना ग्रीस, घरी आल्यावर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पुसून काढणं. बॅटरी मात्र काढून ती स्वयंपाकघरात आणायची, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवायची आणि पूर्ण ऊब धरल्यावरच चार्जिंगला लावायची.

"गारठलेली चार्ज केली की मेलीच समज," असं तिला रुग्णालयाच्या बॉयलरवर काम करणाऱ्या गॅरेटने शिकवलं होतं. तिने ते आईला शंभरदा ऐकवलं होतं.

"नवऱ्याची एवढी सेवा केली नाही मी," म्हातारी लिओनी फणकारायची.

जानेवारीत गॅरेटने मिरेलला लग्नाचं विचारलं. तिने जेवताना आईला सांगितलं.

"सेहेचाळिसाव्या वर्षी?" लिओनी हसली. "त्याला बायको नको, मोलकरीण हवीय."

"ती तर मी इथेही आहेच की."



दुसऱ्या दिवशी पारा उणे एकतीसवर होता. बॅटरी नेहमीच्या जागी होती, दिवा पूर्ण चार्ज दाखवत होता. मिरेल निघाली. नदीच्या पुलावर अर्ध्यात स्कूटरने एक आचका दिला आणि बंद पडली. वारा अंगातून आरपार जात होता. हातमोजा काढून तिने तारा चाचपल्या, बटणं दाबली. काही झालं नाही. स्कूटर टाकून जायला जीव होईना. पाऊण तास ती ढकलत राहिली. धुलाईघरात पोचली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

ती बोटं पेरापर्यंत कापावी लागली. त्या हाताने ओल्या चादरी उचलवेनात, तशी नोकरीही गेली.

गॅरेटने बॅटरी उघडून तपासली. "हिला गारठ्यात चार्ज केलंय कुणीतरी. मागच्या व्हरांड्यात ठेवली होतीस का?"

घरात माणसं दोनच, ती आणि आई.

लिओनी वाटाण्याचं सूप पीत होती. मिरेलने सरळच विचारलं.

"हो, मीच लावली बाहेर चार्जिंगला, तू झोपली होतीस तेव्हा," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, एकदा बंद पडली की बसेल घरी. बोटांचं मला काय माहीत?"

"पुलावर मेले असते मी."

"मेलीस का? नाही ना? मग मीठ दे इकडे."

मिरेलने मीठ दिलं. शनिवारी गॅरेट ट्रक घेऊन आला. लिओनी दारात चौकट धरून उभी राहिली. "अगं, माझं औषधपाणी कोण बघणार? मिरेल! आई आहे मी तुझी!"

"ठाऊक आहे," मिरेल म्हणाली आणि ट्रकचं दार ओढून घेतलं.

आता दर रविवारी गॅरेटच्या घरी फोन वाजतो. पहिल्यांदा गॅरेट उठायला लागला, तर मिरेलने त्याची बाही धरली.

"म्हातारं माणूस आहे गं. पडलीबिडली असेल."

"वाजू दे," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने बटाटे सोलत राहिली.