बारावा नियम

कानडी मुलखात, जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात, कापडाच्या एका दुकानावरच्या मजल्यावर, कारखान्यांतल्या यंत्रांची कंट्रोल कार्डं तयार करणारी एक छोटी कंपनी होती. व्यंकोजी माने तिथे एकोणीस वर्षं एकच काम करत आले होते. इंजिनिअरने कागदावर सर्किट काढून दिलं, की त्यातला कुठला भाग कार्डावर कुठे बसेल आणि एका भागापासून दुसऱ्यापर्यंत तांब्याची वाट कुठून जाईल, हे ते ठरवत. खाली दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म अंथरायची आणि तिच्यावर लाल-निळ्या बारीक चिकटपट्ट्या ब्लेडने कापून लावत जायच्या. जिथे पट्टी, तिथे पुढे तांबं. एका कार्डाला तीन-तीन आठवडे जात. मान अवघडायची, डोळे चुरचुरायचे, पण व्यंकोजींनी लावलेली पट्टी पुन्हा उचलावी लागली असं क्वचितच घडायचं.

१९९४ सालच्या उन्हाळ्यात पुण्याहून श्रीरंग आला. बत्तीस वर्षांचा, हुशार आणि तोंडाचा गोड. डिझाइनचं सगळं खातं त्याच्याकडे दिलं होतं. त्याने येताना ऑटोराउटर नावाचं सॉफ्टवेअर आणलं. सर्किट कॉम्प्युटरला द्यायचं, नियम सांगायचे आणि बाजूला व्हायचं. तांब्याच्या वाटा तो स्वतः शोधतो. तीन आठवड्यांचं काम एका दिवसात.

श्रीरंगने व्यंकोजींना कमी लेखलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे कोरी वही ठेवली आणि म्हणाला, “व्यंकोजीराव, तुमच्या डोक्यात जे आहे ते या मशीनला द्यायचंय. त्याला अनुभव नाही. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळणार.”

व्यंकोजी चार दिवस लिहीत होते. काटकोनात वळण घ्यायचं नाही. मोटरच्या विजेची वाट बारीक सिग्नलपासून एवढी लांब ठेवायची. जमिनीला जोडणारं तांबं रुंद हवं. असे अकरा नियम झाले. पाचव्या दिवशी सकाळी ते बारावा लिहायला आले, तर त्यांचं काचेचं टेबल जागेवर नव्हतं. तिथे नवा प्रिंटर बसला होता. टेबल बाहेर जिन्यापाशी ठेवलं होतं आणि त्याच्यावर चहाचे दोन थर्मास होते.

कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण व्यंकोजींनी वहीत ‘१२’ असा आकडा घातला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग तो खोडला आणि पेनाला टोपण लावलं.

बारावा नियम पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा होता. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो, म्हणजे त्या क्षणी कामगाराचा एकही हात आत नसतो. व्यंकोजी या दोन बटणांच्या वाटा नेहमी कार्डाच्या दोन टोकांनी नेत. एक डाव्या काठाने, एक उजव्या. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे प्रेस आपोआप खाली आला होता. कंपनीचे जुने मालक आणि व्यंकोजी आठवडाभर तिथे बसले, तेव्हा कारण सापडलं. दोन्ही वाटा शेजारी-शेजारी असल्या, की बाहेरच्या एकाच विजेच्या झटक्याने दोन्हींत खोटा इशारा उमटतो आणि यंत्राला वाटतं, दोन्ही बटणं दाबली गेली. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मालक वारले होते. आता ते फक्त व्यंकोजींना ठाऊक होतं.

त्यांनी मनाशी हिशेब केला तो असा. कार्ड तयार झालं की छापील नकाशा तपासायला आपल्याकडेच येणार. तेव्हा सगळ्यांसमोर त्या जागेवर बोट ठेवू. टेबल आपोआप आत येईल.

आणि पहिलंच काम आलं ते प्रेसचं. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या, प्रेस बनवणाऱ्या एका कारखान्याला चोवीस कार्डं हवी होती.

शुक्रवारी सकाळी दहाला श्रीरंगने ऑटोराउटर चालू केला. काळ्या पडद्यावर लाल-हिरव्या रेघा सरपटू लागल्या. एक रेघ निघायची, अडायची, माघारी यायची; मग दुसऱ्या चार उपटून टाकल्या जायच्या आणि सगळं पुन्हा सुरू. व्यंकोजी मागे स्टुलावर बसले होते. माणूस वाट चुकला तर क्षणभर थांबतो. हे कशालाच थांबत नव्हतं. तीन वाजता रेघा निश्चल झाल्या आणि खाली आकडा आला, शंभर टक्के. ऑफिसात टाळ्या वाजल्या.

व्यंकोजींची नजर मात्र दोन रेघांवर होती. दोन्ही बटणांच्या वाटा एकमेकींना खेटून कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या. नियमांनी बंदी घातलेली एकही गोष्ट झाली नव्हती. ते काही बोलले नाहीत. नकाशा सोमवारी तपासू, असं श्रीरंग म्हणाला होता.

सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. श्रीरंगने हसून सांगितलं, की गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून फिल्म शनिवारीच कार्ड बनवणाऱ्याकडे धाडली. सॉफ्टवेअरने स्वतःच सगळं तपासलं होतं. एकही चूक नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर हे वहीत का नाही, याचंही उत्तर द्यावं लागणार. व्यंकोजी खुर्चीवर जाऊन बसले. दुपारपर्यंत बोलू असं ठरवलं. दुपारी संध्याकाळवर ढकललं. आठवडा गेला, कार्डं बनून आली आणि मग बोलणं आणखीच अवघड झालं.

कार्डांची चाचणी झाली. हजारो वेळा बटणं दाबून पाहिली. सगळं चोख. पण ऑफिसातल्या टेबलावर मोटर नव्हती, वेल्डिंग नव्हतं, कारखान्याची गढूळ वीज नव्हती. प्रत्येक पास झालेल्या कार्डागणिक व्यंकोजींना हायसं वाटे आणि भीतीही वाढे. चोवीस कार्डं खोक्यांत भरून गेली.

पुढे फोन वाजला की त्यांचा हात थांबायचा. घरी जेवण जाईना. एकदा रत्नाबाईंनी, त्यांच्या बायकोने, बंद मिक्सरच्या भांड्यात चटणी काढायला बोटं घातली, तर व्यंकोजींनी धावत जाऊन भिंतीतला प्लगच उपसला. रत्नाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तब्येत बरी नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. व्यंकोजी म्हणाले, स्वल्प थकवा आहे, एवढंच.

पाचव्या आठवड्यात पीण्याहून फोन आला. तिथल्या एका शेडमध्ये प्रेस अधूनमधून आपोआप खाली येतो, अशी तक्रार होती. श्रीरंगने शांतपणे सांगितलं, की त्यांचं वायरिंग तपासायला हवं. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवू. व्यंकोजींनी शेडचा पत्ता एका चिठ्ठीवर उतरवून घेतला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मॅजेस्टिकला बस बदलून पीण्याला पोचले.

शेडमध्ये तीन प्रेस होते. डब्यांची स्टीलची झाकणं दाबण्याचं काम चाललं होतं. टोकाच्या प्रेसवर चाळिशीची एक बाई होती. लोखंडाला हळदकुंकू लावलं होतं, वर लिंबू-मिरची बांधली होती. व्यंकोजींनी कानडीत विचारपूस सुरू केली. त्यांचं नाव ऐकताच ती मराठीत बोलू लागली. तिचं नाव अंबूबाई.

“येतंय की खाली, अण्णा,” ती म्हणाली. “शेजारच्या शेडात वेल्डिंग सुरू करतात ना, तेव्हा. रोज नाही. म्हणून मी कान तिकडं ठेवते आणि हात इकडं.”

“कुणाला लागलंय?”

तिने मानेनेच भिंतीकडे खूण केली. खिळ्याला एक हातमोजा टांगला होता. त्याची चारही बोटं पापडासारखी चपटी झाली होती.

“त्या मधल्या मशीनवरच्या पोरीचा. मोजाच गेला, हात तिनं ओढून घेतला. त्या दिवसापासून ती येत नाही.”

बोलता बोलता तिने पत्रा ठेवायला हात आत घातला. त्याच वेळी पलीकडे वेल्डिंगची चरचर उठली. अंबूबाईचा हात सवयीने मागे आला आणि वरचा ठोकळा दाणकन खाली बसला. बटणांना कुणी शिवलंही नव्हतं. ती व्यंकोजींकडे पाहून जरा हसली, आपण सांगितलं ते खरं निघालं म्हणून.

व्यंकोजी भिंतीपाशी गेले आणि त्यांनी शेडचा मुख्य स्विच खाली ओढला. पंखे थांबले, दिवे गेले. सुपरवायझर ओरडत आला. तुम्ही कोण, काय अधिकार, असं तो विचारत होता. व्यंकोजींना एकच उत्तर सुचलं.

“यातलं कार्ड माझ्यामुळं असं झालंय. ते काढेपर्यंत मी स्विचपासून हलणार नाही.”

तिन्ही कार्डं पिशवीत घालूनच ते जयनगरला परतले. श्रीरंगच्या टेबलावर ती मांडली आणि वहीतला खोडलेला आकडा दाखवून सगळं सांगितलं. टेबलाची, थर्मासची गोष्टसुद्धा. सांगताना ती फारच लहान वाटली.

श्रीरंगने तिन्ही कार्डं एकेक करून उजेडात धरून पाहिली. रागावला असता तर बरं झालं असतं. शेवटी त्याने विचारलं, “अजून एखादा नियम राहिलाय?”

“नाही,” व्यंकोजी म्हणाले. मग त्यांनाच शंका आली. “मला आठवत नाही. हात आपोआप कितीतरी गोष्टी करायचे, साहेब. त्यातलं काय लिहिलं गेलं आणि काय नाही, हे मला सांगता यायचं नाही.”

श्रीरंगने वही मिटली. त्या दिवसानंतर त्याने ऑटोराउटरचं एकही कार्ड व्यंकोजींच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर सोडलं नाही. आपणही न तपासता फिल्म धाडली, हे तो नव्या मालकांपुढे स्वतःहून बोलला. दोघांची नोकरी टिकली. कार्डं परत मागवायची पत्रं गेली, व्यंकोजी स्वतः शेडोशेड फिरले. महिनाभरात तेवीस कार्डं हाती आली.

चोविसावं ज्या प्रेसमध्ये होतं, तो प्रेस मूळ गिऱ्हाइकाने दलालाला विकला होता. दलालाने तो रंगवून पुढे दिला. कुणाला, ते त्याला सांगता येईना. होसूरकडचा कुणी होता म्हणे, ट्रक घेऊन आला होता.

त्यानंतर व्यंकोजी दर रविवारी निघत. कधी होसूरच्या वाटेवर, कधी बोम्मसंद्रात, कधी कुणी सांगितलेल्या एखाद्या गल्लीत. तिथल्या शेड्स रविवारीही चालू असत. प्रेसचा आवाज आला की ते दारात उभे राहत. ठोका, मधली शांतता, पुन्हा ठोका. कामगाराने घाम पुसायला हात थांबवला आणि ठोका जरा लांबला, तरी त्यांची नजर आधी त्याच्या बोटांवर जायची. काय हवंय, असं मालक विचारी. मग ते आत जाऊन कार्ड पाहू देण्याची विनंती करत. काही जण पाहू देत. बरेचसे हाकलून लावत आणि आतलं यंत्र चालूच असे.