एकाच बाटलीत

"बायको मेली, अन् तुमी तिचा रोग पोसून राहिले? काहून?"

उद्धवने असं विचारल्यावर चारुशीला मॅडमनी हातमोजे काढले आणि बाहेरच्या खोलीत येऊन प्रयोगशाळेचं दार मागे ओढून घेतलं. शेंदूरजनाघाटचा हा संत्रेवाला न कळवता अकोल्यापर्यंत येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सत्यवतीबाईंनी राजीखुशीने रक्त दिलं होतं, भाऊ."

"तिनं देलं. मी वापस मांगून राहिलो."

"कित्येक महिन्यांचं काम आहे आमचं."

"असन. माही बायको होती."

मॅडम चिडल्या, आणि चिडल्या म्हणूनच सरळ बोलल्या. एचआयव्हीच्या गोळ्यांना न जुमानणारा विषाणू वाढायला किती जोरकस असतो, ते त्यांना पाहायचं होतं. दोन विषाणू सारख्या प्रमाणात एकाच बाटलीत सोडायचे, निरोगी माणसाच्या पेशी त्यांच्यापुढे टाकायच्या आणि काही दिवसांनी कोणाची पिलावळ जास्त झाली ते मोजायचं.

"तिच्यासंगं दुसरा कोनाचा टाकला?"

"तुमचा. त्याच दिवशी तुम्हीही रक्त दिलं होतं."

उद्धव भिंतीलगतच्या बाकावर बसला.

"मंग? कोन जितलं?"

"तुमचा. तिचा गोळ्या पचवायला शिकला, पण त्यात त्याचा जोर गेला. बाटलीत औषध नव्हतं. तिथे तो तुमच्यापुढे टिकला नाही."

"एवढा कमजोर होता तं मंग मेली कशी ते?"

"कमजोर होता, मेलेला नव्हता. गोळ्या त्याला रोखत नव्हत्या. त्यात टीबी झाला."

"तिचे भाऊ गावभर सांगतात, मीच खाल्लं तिले. तुमी तं मोजून काढलं." तो उठला. "जाळा ते."

"जाळत नाही, दाबाच्या वाफेत मारतो. तुमचाही?"

"दोघाईचा."

मॅडमनी बाटली आणि शीतपेटीतल्या दोघांच्या कुप्या आणल्या. भांडणात त्यांना आता रस उरला नव्हता. सगळं कोपऱ्यातल्या पोलादी पिंपात ठेवून त्यांनी झाकण आवळलं आणि वाफ सुरू केली.

"झालं. जा तुम्ही."

"तिच्या भावाईनं मले सरनापाशी उभं राहू देलं नाई. इथं राहतो."

त्याने चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

"इथे अनवाणी चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

उद्धवने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पिंपावरचा काटा हळूहळू वर चढत होता. तो हात जोडून उभा होता.