नळीचा खिळा

बायकोनं, मेहरुन्निसाबींनी, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांत गॅरेजवाल्या ख्वाजामियाँना दोन कार्बोरेटर सापडले. एक भगोन्याशेजारी, दुसरा चहाच्या गाळणीखाली.

"ये क्या किया तूने?"

"ईद आ रई. घर में जो काला दिखा वो धोयी," मेहरुन्निसाबी कानाजवळ येऊन ओरडल्या. "साबण लगायी, राख नई लगायी."

राख लावली नाही हे विलायतेवर उपकारच होते. पण दोन्ही कार्बोरेटरच्या टोप्या आणि त्यांत वरखाली होणारे पिस्टन आता स्वच्छ होऊन, कोण कुणाचं हे न सांगता, एका रांगेत बसले होते. हे जोड कारखान्यातच एकमेकांना बसवलेले असतात. अदलाबदल चालत नाही.

ते होते काकासाहेबांच्या दोन सीटांच्या उघड्या विलायती गाडीचे. ही गाडी भोकरदनजवळच्या मळ्यात कडब्याच्या शेडात कित्येक वर्षं उभी होती, आणि तिचा माणसांपेक्षा कोंबड्यांनाच जास्त उपयोग झाला होता. आता काकासाहेबांची नात राजनंदिनी तिच्यातून आजी-आजोबांना जांबला देवदर्शनाला नेणार होती. दोन सीटांत तिघं कशी बसणार, हा विषय घरात अजून चर्चेला होता.

ख्वाजामियाँचं मात्र सगळंच या गाडीवर होतं. संभाजीनगरला मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या तन्वीरनं, त्यांच्या मुलानं, स्पष्ट सांगितलं होतं, "अब्बा, ही गाडी बराबर चालली तर हे गॅरेजचं दुकान तुमचं. न्हाई तर शटर खाली, आणि माझ्याकडं राहायला यायचं." ख्वाजामियाँनी यावर "बराबर" म्हटलं होतं. गेली काही वर्षं ते सगळ्यालाच "बराबर" म्हणत. ऐकू कमी येऊ लागलेल्या माणसाला एवढा एक शब्द पुष्कळ होतो. भोकरदनमध्ये त्यांची शांत स्वभावाचा माणूस म्हणून ख्यातीही झाली होती.

टोप्यांचं काम डोळ्यांचं आणि बोटांचं होतं. ख्वाजामियाँनी एक पिस्टन उचलून एका टोपीत घातला, भोकं बोटांनी बंद केली आणि सगळं उलटं धरलं. टोपी धपकन खाली आली. परकी. दुसरी लावली. ही सावकाश, सासरी पहिल्यांदा जिना उतरणाऱ्या सुनेसारखी उतरली. जोड जमला. मग भिंग घेऊन त्यांनी दोन्ही पिस्टनांखालच्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुयांच्या दांड्यांवरचे बारीक आकडे वाचले. सारखे होते. इंजिनाकडं जाणाऱ्या नळकांड्यावर नवं पॅकिंग बसवलं, भोकावर भोक बरोबर आलं की नाही ते करंगळी फिरवून पाहिलं आणि नट आवळले.

दुपारी काकासाहेब आले. चहाचा ग्लास मडगार्डवर ठेवून ते स्टुलावर बसले. गाडी सुरू झाली, आणि ग्लास चालू लागला.

"मियाँ, चहा पळून राह्यला!" ग्लास झेलत काकासाहेब म्हणाले.

"बराबर," ख्वाजामियाँ म्हणाले.

आता खरी परीक्षा होती. दोन्ही कार्बोरेटरांनी सारखा श्वास घ्यायला हवा. त्यासाठी ख्वाजामियाँकडं रबराची एक नळी होती. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. दोन्हीकडं सूं सारखं येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. शटरमागच्या खिळ्यावर, त्यांच्या खांद्याच्या उंचीला, ती जन्मभर टांगलेली होती.

त्यांनी नळी एका तोंडाशी धरली. शांतता. दुसऱ्या तोंडाशी धरली. तीच शांतता. दोन्ही सारख्या होत्या, एवढंच समाधान. त्यांनी चेहऱ्यावर जाणकार भाव आणून एक स्क्रू अंदाजे फिरवला. इंजिनानं मोठा ढेकर दिला. तोही त्यांना फक्त उडालेला धूर पाहून कळला.

घरातून मेहरुन्निसाबी काहीतरी ओरडल्या. पुन्हा ओरडल्या. मग कणकेचे हात पदराला पुसत बाहेर आल्या, नवऱ्याच्या कानातली नळी काढून त्यांनी आपल्या कानात घातली.

ख्वाजामियाँचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकासमोर!

"पीछेवाला ज्यादा पी रा," मेहरुन्निसाबींनी बोटानं मागचा कार्बोरेटर दाखवला. "चाळीस साल से यही आवाज पे रोटी बेल रई मैं. मेरेकू नई मालूम?"

ख्वाजामियाँनी काकासाहेबांकडं पाहिलं नाही. पान्याकडं पाहत ते म्हणाले, "काकासाहेब, मला ऐकू येत न्हाई."

"अहो, ते सगळ्या भोकरदनला ठाऊक हाय!" काकासाहेब इतक्या जोरात म्हणाले की बसस्टँडवरची माणसं वळली. "मी सुनेच्या कागाळ्या दुसऱ्या कुणापुढं सांगू? तुमच्याइतकं भरवशाचं माणूस तालुक्यात न्हाई!"

"मंग गाडी मला कामून दिली?"

"माझा मोतीबिंदू पिकलाय. मला रस्ता दिसत न्हाई, तरी पोरगी मला बाजूला बसवून नेतीच हाय ना? तिला वळणं पाठ न्हाईत, मला हायत. चला, फिरवा स्क्रू. वहिनी, तुमी सांगा."

मेहरुन्निसाबी बोट वर करत, ख्वाजामियाँ घड्याळाच्या दिशेनं फिरवत. बोट खाली, उलटं. बोट थांबे तिथं स्क्रू थांबे. काकासाहेबांनी ग्लास पुन्हा मडगार्डवर ठेवला. तो थोडा थरथरला, मग जागच्या जागी उभा राहिला. चहावरची साय हलेना. ख्वाजामियाँनी बोनेट लावून त्यावर तळवा टेकला आणि बराच वेळ उचलला नाही.

"कैसा है आवाज?" त्यांनी विचारलं.

मेहरुन्निसाबींनी कानातली नळी काढली. "शादी नई थी तब जैसा तुम्हारा था," त्या म्हणाल्या आणि लाजून आत गेल्या. यातलं ख्वाजामियाँना काही ऐकू आलं नाही. काकासाहेबांना आलं, पण त्यांनी चहा पिणं पसंत केलं.

संध्याकाळी राजनंदिनी गाडी घेऊन गेली. आजोबा शेजारी बसून वळणं सांगत होते, तीही वळणं यायच्या आधीच. तन्वीरचा फोन आला तो मेहरुन्निसाबींनी घेतला. "दुकान चालू है," एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला.

ख्वाजामियाँनी नळी पुसली आणि टांगायला खिळ्याजवळ नेली. तिथं थांबले. पक्कड आणून त्यांनी तो जुना खिळा उपटला, आणि घराच्या दाराकडं एकदा पाहून, मेहरुन्निसाबींचा खांदा कुठवर येतो त्याचा अंदाज घेतला. मग वीतभर खाली तो पुन्हा ठोकू लागले. हातोडीचा आवाज त्यांना आला नाही. खिळा आत जाताना मात्र दिसत होता.