चांगल्या बाजूची बरणी

"हे काय पाठवलंय?" कटकटमावशींनी एका हाताने बरणी उजेडात धरली आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर विचारलं. तपासणीच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं काढलेल्या या बाईंचं नाव वॉर्डानेच ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. बरणीत मांसाचे चार तुकडे एकत्र कोंबलेले. कागदावर नुसतं 'स्तनाचा भाग'. वरचा, खालचा, कशाचा पत्ता नाही.

पलीकडची शिकाऊ डॉक्टरीण समजुतीच्या सुरात सांगू लागली, की पेशंटचा कॅन्सर उजव्या बाजूचा; तो तीन वर्षांपूर्वीच काढला, ती बाजू नव्याने घडवलीही. आज फक्त डावी उजवीच्या मापाला आणली, दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून. तुकडे चांगल्या बाजूचेच आहेत.

"चांगली आहे हे कोण ठरवणार? तू?"

"मावशी, तुम्ही पण ना."

मावशींनी फोन आपटला, बरणी उचलली आणि जिना चढू लागल्या. पुटपुटणं चालूच. यांना सांगायचं तरी कितीदा? एखाद्या तुकड्यात काही निघालं आणि तो कुठला हेच कळलं नाही, तर त्या बाईची अख्खी बाजू जाईल. यांच्या आळसापायी.

वर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सर्जन नुकतेच हातमोजे काढत होते. ते वैतागले, पण तुकडे त्यांच्याच हातचे, ताजे. एकेक ओळखून वेगळा केला. चार बरण्या झाल्या.

"समाधान?"

"कागदावर तुमची सही राहिली," मावशी म्हणाल्या.

आठव्या दिवशी पेशंट रिपोर्टच्या खिडकीशी आली. डॉक्टरांना यायला अर्धा तास होता, पण तिला धीर नव्हता. बाहेरच्या अंगाच्या तुकड्यात मोहरीएवढी कॅन्सरची गाठ निघाली होती. जागा कळली, म्हणून तेवढाच भाग काढायचं ठरत होतं. आपलंच खरं झालं याचा मावशींना आनंद होईना. उलट चीडच आली, नेमकी कुणाची ते कळेना.

"खरं सांगू का ताई," पेशंट ओशाळून म्हणाली, "तीन वर्षांनी ब्लाउज सरळ बसला. सासूबाई म्हणाल्या, आता पोक काढून चालायचं नाही. सगळं नीट आहे ना?"

सांगायचं काम डॉक्टरांचं. मावशींनी खिडकी लावली, खोलीला कुलूप घातलं आणि बाहेर येऊन बाकावर तिच्या शेजारी बसल्या.

"डॉक्टर येईपर्यंत बसू या."

तिने एकदा बंद खिडकीकडे पाहिलं, मग मावशींकडे. खांदे सरळ ठेवून, दाराकडे बघत ताठ बसून राहिली.